लाल आधी जातो

बोहरपट्टीतून कडीकोयंडा घेऊन बाहेर आलो,
फार तर वीस मिनिटं झाली असतील.
स्कूटरच्या जागी रस्त्यावर खडूने लिहिलेला तिचाच नंबर
आणि तेलाचा एक थेंब, अजून ओला.
पानवाला म्हणाला, आत्ताच उचलली.
शरणपूर रोडला जा.

शरणपूर रोडला मिळाली.
आरसा वाकडा, पावती सरळ.
नो पार्किंगमध्ये वाहन उभे करणे, पाचशे.
उचलण्याचे वेगळे.
मी म्हणालो, मॅडम, तिथल्या पाटीवर 'पार्किंग' लिहिलंय.
आहिरे मॅडम म्हणाल्या, सगळे असंच म्हणतात.
मी म्हणालो, सगळे बरोबर म्हणतात, जाऊन बघा.
त्या म्हणाल्या, तक्रार करा.
म्हणून केली.

फोटो काढायला परत गेलो.
काळ्यात 'पार्किंग', ठसठशीत,
त्याच्या आधी वीतभर मोकळा पत्रा.
मोकळा म्हणजे इतरांना.
मला दिसत होती
न ची गाठ, पुढचा काना, वरची मात्रा,
तिला शेवटी मी देतो तो हलका झोल.

मागच्या सिंहस्थाची घाई होती.
एका रात्रीत चाळीस पत्रे:
रामकुंडाकडे बाण, शौचालयाकडे बाण,
हरवलेल्यांनी येथे थांबावे.
कंत्राटदाराने बिल लावलं दोन डब्यांचं,
दिला एक, त्याच्याही झाकणावर कंपनीचं नाव नव्हतं.
'नो' लालच पाहिजे, म्हणाला, लांबून दिसतं.
टर्पेंटाइन ओतून ओतून तो लाल
मी शेवटच्या पत्र्यापर्यंत ओढत नेला.
हा शेवटचा असावा.

उन्हात लाल आधी जातो.
धंद्यातलं शेंबडं पोरही सांगेल.
काळा राहतो, निळा बऱ्यापैकी राहतो,
थांब म्हणणारा तेवढा पहिला उडतो.

लोकअदालतीत बाकावर तीन तास.
पुढे एक टेम्पोवाला, पंधरा चलानांची माळ घेऊन.
माझा नंबर आला तेव्हा बाई म्हणाल्या,
काका, अडीचशेत मिटवून टाका.
मी म्हणालो, अर्धा दंड कसा काय?
पाटी अर्धी आहे म्हणून?
कारकून खोकल्यासारखा हसला.

फोटो हातोहात फिरला.
बाईंनी मोबाइल डोळ्यांजवळ धरला,
दोन बोटांनी कोपरा मोठा केला:
खाली उजवीकडे, काळ्यात, बारीक,
'खैरनार पेंटर, भद्रकाली'.
मग चलान पाहिलं. पुंजाराम खैरनार.
तुमचे कोण हे?

चुलतभाऊ म्हणून भागलं असतं.
भाऊबंद ढिगाने आहेत, निम्म्यांच्या नखांत रंग.
पण ती सही मी मन लावून केली होती.
नकार पातळ केला आणि नाव घट्ट.
मीच, म्हणालो.

म्हणजे तिथे काय लिहिलं होतं ते तुम्हाला माहीत होतं?
होतं.
मग गाडी लावलीत कशी?
बाई, त्या वेळी मी पेंटर नव्हतो,
कडीकोयंडा घ्यायला आलेलं गिऱ्हाईक होतो.
दिसलं तेवढं वाचलं.

त्यांनी पेन बराच वेळ हवेत धरलं.
दंड रद्द.
उचलण्याचे परत मिळत नसतात.

संध्याकाळी पाव लिटर लाल घेतला,
चांगल्या कंपनीचा.
दुकानदार म्हणाला, टर्पेंटाइन?
नको, म्हणालो.
पाटीखाली स्टूल लावलं, चढलो,
गुडघ्याने कुरकुर केली, हाताने नाही.
न पुरा झाला, काना ओढायला ब्रश उचलला
तोच खालून शिट्टी.
ओ काका, सरकारी पाटीला हात लावायचा नाही.
परवानगी आहे का?
आणि गाडी कुठे लावलीय?

घरी, म्हणालो. स्टूल डोक्यावर घेऊन चालत आलोय.

पोरगा नवीन होता, टोपी अजून कडक.
मान वर करून त्याने सावकाश वाचलं,
ओठ हलवत.
न पार्किंग.
कळतंय की, म्हणाला. उतरा आता.